पियास्ट कालव्यातला टॉलबॉय: ५.४ टनी बॉम्ब निकामी करण्याचे एक प्रकरण

प्रकरण थोडक्यात

पोलंडच्या वायव्य टोकाला, बाल्टिक समुद्राकाठी, श्विनोउइश्चे हे बंदर आहे. तिथून श्चेचिनकडे जाणारा जलमार्ग १०.५ मीटरवरून १२.५ मीटर खोल करण्याचे काम हाती घेतले होते. त्या कामात सप्टेंबर २०१९मध्ये पियास्ट कालव्याच्या तळाशी दुसऱ्या महायुद्धातला एक न फुटलेला ब्रिटिश बॉम्ब सापडला. तो टॉलबॉय होता. वजन सुमारे ५.४ टन, पोटात सुमारे २.४ टन स्फोटक. १३ ऑक्टोबर २०२० रोजी पोलिश नौदलाच्या सुरुंग-पाणबुड्यांनी, म्हणजे पाण्यात उतरून सुरुंग आणि बॉम्ब निकामी करणाऱ्या जवानांनी, तो कायमचा संपवला.

पण तो ठरल्याप्रमाणे संपला नाही. आतले स्फोटक जाळून टाकायचे ठरले होते. जळता जळता ते फुटले आणि कालव्यातून पाण्याचा प्रचंड स्तंभ उसळला. तरीही कोणाला इजा झाली नाही आणि शहरात नुकसानीची नोंद नाही. योजनेतली मुख्य पायरी हुकली आणि काम मात्र तडीस गेले. हे शक्य झाले ते आधी घेतलेल्या काही निर्णयांमुळे, म्हणून इथे भर त्या निर्णयांवर आहे. व्यक्तींची नावे आणि हुद्दे वगळले आहेत.

पार्श्वभूमी: बॉम्ब तिथे कसा आला

हा कालवा १८७५ ते १८८० या काळात जर्मनांनी खणला. तेव्हा त्याचे नाव कायझरफार्ट होते आणि शहराचे नाव श्विनेम्युंडे. एप्रिल १९४५मध्ये जर्मन युद्धनौका ल्युट्झो या कालव्यात नांगरलेली होती. तिच्या तोफा पुढे सरकणाऱ्या सोव्हिएत फौजांवर मारा करत होत्या, म्हणून ब्रिटिश हवाई दलाच्या ६१७ स्क्वॉड्रनला तिच्यावर पाठवण्यात आले. १३ आणि १५ एप्रिलचे प्रयत्न ढगांमुळे वाया गेले. १६ एप्रिलला १८ लँकेस्टर विमाने आली. त्यांतले एक विमानवेधी माऱ्याने पडले. एक टॉलबॉय नौकेला न लागता शेजारी पाण्यात फुटला. त्याने नौकेच्या तळाला मोठे भगदाड पाडले आणि ती उथळ पाण्यात तळावर टेकली. त्याच हल्ल्यातला न फुटलेला एक बॉम्ब गाळात ७४ वर्षे पडून राहिला.

शहराला न फुटलेले बॉम्ब नवे नव्हते. १२ मार्च १९४५ रोजी अमेरिकेच्या साडेसहाशेहून अधिक बॉम्बफेकी विमानांनी इथे बॉम्बवर्षाव केला होता. शिवाय बाल्टिकच्या तळाशी दोन्ही महायुद्धांतले सुरुंग पडून आहेत. त्यामुळे पोलिश नौदलाच्या आठव्या किनारा संरक्षण फ्लोटिलाचा (नौकांच्या ताफ्याचा) तळ याच शहरात असणे आणि तिच्या सुरुंगशोधक नौकांच्या तुकडीत खास सुरुंग-पाणबुड्यांचा गट असणे ही इथली नेहमीची गरज आहे. आधीचे बॉम्ब सापडले तेव्हा रहिवाशांना घरात थांबायला सांगून काम उरकले जाई. या बॉम्बच्या वेळी तसे भागणार नव्हते, आणि त्याचे कारण बॉम्बच्या रचनेत आहे.

टॉलबॉय म्हणजे काय

लांबी सुमारे ६.४ मीटर. कवच ओतीव पोलादाचे, नाकाशी सर्वांत जाड आणि मागे पातळ होत जाणारे. आतले स्फोटक टॉर्पेक्स: साधारण ४२ टक्के आरडीएक्स, ४० टक्के टीएनटी आणि १८ टक्के ॲल्युमिनियमची पूड. ॲल्युमिनियममुळे वायूचा फुगा जास्त वेळ ढकलत राहतो, म्हणून पाण्याखाली टॉर्पेक्स टीएनटीपेक्षा बरेच भारी पडते. या बॉम्बमधल्या २.४ टनांची ताकद ३.६ टन टीएनटीइतकी धरली गेली.

वितळवलेले टॉर्पेक्स मागच्या बाजूने ओतून त्यावर शुद्ध टीएनटीचा पातळ थर आणि मग लाकडाचा भुसा व मेण यांचा जाड थर देत. या थरात तीन खोबण्या, प्रत्येकीत बूस्टर (मुख्य स्फोटकाला चेतवणारे छोटे स्फोटक) आणि एक स्वतंत्र फ्यूज, म्हणजे स्फोट सुरू करणारी यंत्रणा. एक फ्यूज चालला नाही तर दुसरा चालावा, यासाठी तीन. निकामी करणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ उलटा होतो: दोन फ्यूज मेलेले निघाले तरी तिसऱ्याबद्दल काहीच कळत नाही, आणि तिघांपैकी कोणताही एक जिवंत असला तरी पुरेसे आहे.

यातला एक प्रकार रासायनिक विलंबाचा. आदळताना ॲसिटोनची कुपी फुटते, ॲसिटोन सेल्युलॉइडची चकती विरघळवते आणि चकती गेली की स्प्रिंगने दाबून धरलेली सुई सुटते. कुपी नीट फुटली नाही किंवा ॲसिटोन भलतीकडे गळाले तर चकती अर्धवट शिल्लक राहते आणि स्प्रिंग ताणलेलीच राहते. सेल्युलॉइड वर्षानुवर्षे ठिसूळ होत जाते. जर्मनीत अशा फ्यूजचे बॉम्ब कोणी हात न लावताही फुटले आहेत. म्हणून ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ हा युक्तिवाद या कामात टिकत नाही. आरडीएक्स आणि टीएनटी दशकानुदशके जवळपास जसेच्या तसे राहतात. बिघडतो तो फ्यूज, आणि त्या बिघडण्याची दिशा आधी सांगता येत नाही.

टॉलबॉय थेट आदळून फुटण्यासाठी केलेला नव्हता, ही गोष्ट या प्रकरणात फार महत्त्वाची. टॉलबॉयचे रचनाकार बार्न्स वॉलिस यांची कल्पना अशी की बॉम्ब जमिनीत किंवा पाण्यात खोल शिरून मग फुटावा, आणि जमीन व पाणी यांनी तो धक्का इमारतीच्या पायापर्यंत न्यावा. जून १९४४मध्ये फ्रान्समधला सोमूरचा रेल्वे बोगदा असाच बंद पाडला गेला. ल्युट्झोही शेजारच्या पाण्यात फुटलेल्या बॉम्बनेच बसली. म्हणजे पियास्ट कालव्यातला बॉम्ब अगदी त्याच्या जनकाला हव्या असलेल्या जागी, ओल्या गाळात, पाण्याखाली रुतून बसला होता.

हाताशी असलेल्या पद्धती आणि त्यांचा इतिहास

लष्करी बॉम्ब निकामी करण्याची आजची पद्धत मुख्यतः १९४० आणि ४१च्या लंडनमध्ये घडली. ब्रिटिश लष्कराच्या रॉयल इंजिनिअर्सच्या तुकड्यांसमोर जर्मन बॉम्बमधले विजेवर चालणारे फ्यूज होते. क्रमांक १५ आदळताच फुटणारा. क्रमांक १७ घड्याळाचा, काही तासांपासून तीन दिवसांहून अधिक वेळ चालणारा. क्रमांक ५० हलवले की फुटणारा. पुढे १७च्या खाली झेडयूएस ४० नावाचे छोटे यंत्र बसवू लागले. वरचा फ्यूज ओढून काढला की खालची सुई सुटायची. त्यावर तुकड्यांनी एकेक उत्तर काढले. महत्त्वाची जागा नसेल तर ९६ तास थांबायचे. घड्याळ जोरदार चुंबकाने थांबवायचे. फ्यूज हलवणे धोक्याचे असेल तर त्याला हातच लावायचा नाही. कवचाला भोक पाडून वाफेने स्फोटक वितळवून बाहेर काढायचे.

या शेवटच्या उत्तरात एक मोठे वळण होते. तोवर सगळे लक्ष फ्यूजवर असे. वाफेच्या पद्धतीने दाखवले की फ्यूज जागेवर ठेवून त्याच्यामागचे स्फोटकच काढून घेता येते. श्विनोउइश्चेत निवडलेली पद्धत याच विचारातून आली आहे.

टॉलबॉय हाताने निकामी केल्याचे उदाहरणही आहे. ऑक्टोबर १९४४मध्ये जर्मनीतल्या सोर्पे धरणावर टॉलबॉय टाकले होते. १९५८च्या अखेरीस दुरुस्तीसाठी जलाशय रिकामा केला तेव्हा एक न फुटलेला सापडला आणि जानेवारी १९५९मध्ये त्याचे फ्यूज काढण्यात आले. पण तिथे पाणी उपसलेले होते. बॉम्ब डोळ्यांसमोर होता, शेपटीपर्यंत हात पोहोचत होता आणि तो पडून फक्त १४ वर्षे झाली होती.

नेमका प्रश्न

कालव्यातला बॉम्ब सुमारे १२ मीटर खोलीवर होता. तो तळात रुतलेला होता आणि फक्त नाक बाहेर दिसत होते. फ्यूज शेपटीत, शेपटी गाळात. जो भाग दिसत होता तो निरुपयोगी आणि जो हवा होता तो पुरलेला. शिवाय बाहेर आलेले पोलादच सगळ्या कवचात सर्वांत जाड. कंपनाने बॉम्ब फुटू शकतो हे पथकाने आधीच जाहीर केले होते, त्यामुळे गाळ उपसून शेपटी उघडी करणे हेच सर्वांत धोक्याचे पाऊल ठरत होते.

आजूबाजूची परिस्थिती अशी: सुमारे ५०० मीटरवर पूल. २.५ किलोमीटरच्या परिघात सुमारे ७५० लोक. कालवा म्हणजे श्चेचिन बंदराचा समुद्राकडे जाणारा रस्ता. शहरालगत द्रवरूप नैसर्गिक वायूचे टर्मिनल. बॉम्ब तसाच सोडून देणे शक्य नव्हते, कारण खोलीकरण झाल्यावर मोठ्या जहाजांचे पंखे आणि नांगर त्याच्या आणखी जवळून जाणार होते.

तोललेले पर्याय

फ्यूज काढणे. सोर्पेचा दाखला असूनही हा मार्ग इथे बसत नव्हता. १२ मीटर पाण्यात, गढूळ तळाशी, शेपटीपर्यंत जायचे तर बॉम्बभोवतीचा आधारच काढावा लागतो. ५.४ टनांचे धूड अशा वेळी कलते किंवा घसरते. पाणबुड्याला तिथे दिसत नाही, तो बोटांनी चाचपत काम करतो. आणि हे सगळे तीन वेळा, कारण फ्यूज तीन.

उचलून समुद्रात नेणे. छोट्या सुरुंगांसाठी हा रोजचा मार्ग आहे: फुगे बांधायचे, तरंगवायचे, दूर ओढत न्यायचे आणि मोकळ्या समुद्रात उडवायचे. पण इथे बॉम्ब गाळातून उपटावा लागला असता. चिकणगाळात रुतलेली वस्तू सुटताना एकदम झटका देते आणि तोच झटका फ्यूजला नको होता. त्यापुढचा प्रवास कालव्यातून, शहराच्या अंगाने झाला असता. धोका एका ठिकाणी ठेवण्याऐवजी त्याला वस्तीजवळून फिरवणे ही माझ्या मते या यादीतली सर्वांत वाईट निवड ठरली असती.

जागेवर नियंत्रित स्फोट. पाणबुड्यांसाठी सर्वांत सोपा मार्ग हाच. बॉम्बला स्फोटक लावायचे, दूर व्हायचे, उडवायचे. काय होणार हे आधीच ठाऊक असते आणि अर्धवट काही उरत नाही. पुलाला धोका आहे म्हणून हा पर्याय अधिकृतपणे बाद झाला.

जाळून टाकणे, म्हणजे डिफ्लॅग्रेशन. दूरून चालवलेल्या साधनाने कवचाला छेद द्यायचा आणि त्याच वेळी आतले स्फोटक पेटवायचे. स्फोटात रासायनिक लाट टॉर्पेक्समधून सेकंदाला सात किलोमीटरहून जास्त वेगाने धावते. जळताना तो वेग त्याच्या कित्येक पटींनी कमी असतो. वायू हळू तयार होतो, कवच तडकते, दाब निघून जातो आणि स्फोटक जळून संपते. बंद डब्याला आधी भोक पाडून मग तापवण्यासारखे हे आहे. ब्रिटनमध्ये पाण्याने भरलेल्या खाणीत काही किलोंच्या दारूगोळ्यावर अशा चाचण्या झाल्या. त्यांत पाण्यातल्या आवाजाची पातळी पूर्ण स्फोटापेक्षा सुमारे २० डेसिबलने खाली आली. पुलासाठी आणि पाण्यातल्या जिवांसाठी हा फार मोठा फरक आहे.

पद्धतीची कमजोरीही त्याच वर्णनात आहे. दाब बाहेर पडला नाही तर जळण्याचा वेग वाढतो, वेग वाढला की दाब आणखी वाढतो आणि एका टप्प्यावर जळणे स्फोटात बदलते. कवच जितके जाड, आतल्या स्फोटकाचा भार जितका लांब आणि बाहेरून गाळाची मिठी जितकी घट्ट, तितकी ही शक्यता जास्त. टॉलबॉयमध्ये या तिन्ही गोष्टी एकत्र होत्या. पाण्याखाली, इतक्या सुस्थितीतल्या टॉलबॉयवर आधी कोणी हे केलेले नव्हते. पथकानेही जगात हे पहिल्यांदाच होत असल्याचे सांगितले होते.

पुलापाशी काय पोहोचणार होते

हा भाग सविस्तर पाहायला हवा, कारण सगळी निवड पुलावर फिरली.

पाण्याखालच्या स्फोटासाठी प्रचलित सूत्र आहे: टीएनटीच्या किलोग्रॅममधल्या वजनाचे घनमूळ काढायचे, त्याला मीटरमधल्या अंतराने भागायचे, उत्तराचा १.१३वा घात करून ५२.४ने गुणायचे. उत्तर म्हणजे धक्क्याचा सर्वोच्च दाब, मेगापास्कलमध्ये. ३,६०० किलोचे घनमूळ सुमारे १५.३. ५०० मीटरवर दाब येतो सुमारे १ मेगापास्कल, म्हणजे साधारण दहा वातावरणांइतका. २.५ किलोमीटरवर तोच सुमारे ०.१७ मेगापास्कल. पाण्यात धक्क्याची लाट सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जाते, त्यामुळे पुलापर्यंत ती एक तृतीयांश सेकंदात पोहोचते.

पण हे सूत्र मोकळ्या, खोल पाण्याचे आहे. कालवा उथळ आहे. उथळ पाण्यात थेट लाटेपाठोपाठ पृष्ठभागावरून परतलेली लाट येते आणि ती उलट्या चिन्हाची असल्यामुळे आधीचा दाब कापून टाकते. स्फोट १२ मीटर खोल आणि पुलाच्या खांबावरचा बिंदू ६ मीटर खोल धरला, तर दोन मार्गांतला फरक जेमतेम ०.३ मीटर, म्हणजे सुमारे ०.२ मिलिसेकंद. इतक्या अल्पकाळ टिकणारा दाब आकड्यात मोठा दिसला तरी जड खांबाला फारसा ढकलू शकत नाही.

मग भीती कसली? जमिनीतून जाणाऱ्या धक्क्याची. बॉम्ब गाळात रुतलेला होता, त्यामुळे ऊर्जेचा मोठा वाटा पाण्यात न जाता थेट ओल्या मातीत जाणार होता, आणि टॉलबॉय बनवला गेला तो नेमका यासाठीच. माती कुठे घट्ट आहे, कुठे सैल, पाया किती खोल आहे, यावर परिणाम ठरतो. अशा धक्क्याचा आकडा पाण्यातल्या दाबासारखा चार ओळींत काढता येत नाही. या अनिश्चिततेपोटी नियंत्रित स्फोट नाकारणे मला योग्य वाटते.

घनमूळाचा आणखी एक परिणाम नेहमी नजरेआड होतो. अर्धे स्फोटक शांतपणे जळून गेले आणि उरलेले अर्धे फुटले, तर पुलापाशी दाब निम्मा होत नाही. तो साधारण एक चतुर्थांशाहूनही कमी घटतो. म्हणजे अर्धवट यशाचा फायदा फार थोडा. धक्का एक दशांशावर आणायचा असेल तर जवळजवळ सगळाच भार जळायला हवा. जाळण्याच्या पद्धतीवर विसंबून सुरक्षित अंतर कमी करणे किती चुकीचे ठरले असते, ते यातून दिसते.

अंमलबजावणी

काम १२ ऑक्टोबर २०२०पासून पाच दिवसांचे आखले होते. बॉम्बभोवती २.५ किलोमीटरच्या परिघातल्या सुमारे ७५० लोकांना हलवायचे होते आणि सुमारे १६ किलोमीटरपर्यंत जलवाहतूक थांबवायची होती. छेद देणारे साधन दूरून चालणारे होते. पेटवण्याच्या क्षणी सगळे पाणबुडे धोक्याच्या हद्दीबाहेर.

या तिन्ही मर्यादा पूर्ण स्फोट झाला तरी पुरतील अशा होत्या, आणि माझ्या मते प्रकरणाचा खरा निर्णयबिंदू हा आहे. पथकाला यश जाळण्यात हवे होते, पण माणसे मोजताना त्याने अपयशाचा हिशेब धरला. उलटही घडू शकले असते. ‘पद्धत सौम्य आहे, परीघ एक किलोमीटर पुरेल, लोकांना घरातच बसवू’ असा मोह अशा वेळी होतो, कारण स्थलांतर महाग पडते आणि लोक नाराज होतात. ऑक्टोबर २०२०मध्ये करोनाची साथ चालू होती. अनोळखी लोकांबरोबर एका सभागृहात बसण्यापेक्षा घरी राहू, असे म्हणणारे होते. आधीच्या बॉम्बच्या वेळी घरातच थांबलेल्यांना आता का निघायचे, हा प्रश्न रास्तही होता.

पाण्यातले १६ किलोमीटर जमिनीवरच्या २.५ किलोमीटरपेक्षा इतके जास्त का, तेही समजून घ्यायला हवे. हवेत दाब लवकर विरतो. पाण्यात तो लांबवर जातो आणि पाण्यात असलेल्या माणसाच्या फुप्फुसांवर व आतड्यांवर थेट काम करतो. जहाजाच्या डेकवर उभ्या माणसाला जे जाणवणारही नाही, ते पोहणाऱ्याला किंवा पाणबुड्याला जखमी करू शकते.

१३ ऑक्टोबर

पेटवल्यानंतर जळण्याची प्रक्रिया स्फोटात बदलली. पाणी, गाळ आणि धूर यांचा स्तंभ झाडांच्या कितीतरी वर गेला. धोक्याच्या हद्दीत कोणी नव्हते. शहरात कोणी जखमी नाही, बांधकामांच्या नुकसानीची नोंद नाही. बॉम्ब आता धोकादायक उरला नाही, असे नौदलाने जाहीर केले.

निर्णयांचे मूल्यमापन

पूल सुरक्षित राहिला हे पाहून लगेच म्हणता येते: मग सरळ उडवून का टाकला नाही? हा युक्तिवाद कच्चा आहे. पहिले म्हणजे, स्फोट पेटवण्यानंतर झाला; तोवर काही भाग जळून गेला असेल तर हा पूर्ण भाराचा स्फोट नव्हे. दुसरे म्हणजे, घनमूळाच्या हिशेबाने तो भाग लहान असेल तर फरक थोडाच पडतो, आणि तेव्हा निष्कर्ष असा निघतो की त्या मातीत, त्या पायांवर पुलाला पुरेशी ताकद होती. पण ही माहिती स्फोटानंतरची आहे. आदल्या दिवशी ती कोणाकडे नव्हती. निर्णय तपासायचा तो त्या दिवशीच्या माहितीवर, आणि त्या कसोटीवर जाळण्याची निवड टिकते: यशस्वी झाली तर पूल वाचतो, फसली तर परिणाम जास्तीत जास्त नियंत्रित स्फोटाइतकाच.

इथे एक अट मात्र आहे. ‘फसली तर नियंत्रित स्फोटाइतकेच’ हे तेव्हाच खरे, जेव्हा फसण्याचा क्षण आपण निवडलेला असतो. जाळण्याची पद्धत अर्ध्यात थांबली असती, म्हणजे कवच फाटले, थोडे स्फोटक जळले, उरलेले तापलेले आणि तीन फ्यूज जागेवरच, तर परिस्थिती आधीपेक्षा वाईट झाली असती. तेव्हा कोणता पाणबुडा पाण्यात उतरणार आणि किती तासांनी? पाच दिवसांची मुदत राखण्यात हा विचार असावा असे मला वाटते. अशा कामात पूर्ण स्फोटापेक्षा अर्धवट थांबलेल्या ज्वलनाची भीती जास्त धरायला हवी, आणि त्यासाठी थांबण्याची वेळ, पुन्हा पेटवण्याचे दुसरे साधन आणि स्थलांतरितांना आणखी एक रात्र ठेवण्याची सोय हे आधीच कागदावर असायला हवे.

काय वेगळे करता येईल

पहिला मुद्दा दाबाला वाट देण्याचा. लांब आणि जाड कवचात एकाच जागी छेद दिला तर दूरच्या टोकाकडचा वायू अडकून राहतो. अंगाच्या लांबीवर अनेक ठिकाणी एकाच क्षणी छेद दिले तर जळणे स्फोटात बदलण्याची शक्यता कमी होते. पण त्यासाठी बॉम्बचा बराच भाग उघडा करावा लागतो आणि पुन्हा कंपनाचा प्रश्न येतो. गाळ उपसताना पंपाऐवजी हाताने धरलेल्या हलक्या पाण्याच्या झोताने थोडा थोडा भाग मोकळा करणे हा मधला मार्ग. तो फार हळू होतो आणि प्रत्येक पाळीत माणूस बॉम्बला चिकटून राहतो. मी असतो तर माणसाला लागणारा तो वेळ आणि पुलाची किंमत यांत पुलाला मागे ठेवले असते. पूल पुन्हा बांधता येतो.

दुसरा मुद्दा वेळेचा. बॉम्ब सापडणे आणि निकामी होणे यांत वर्षाहून थोडा जास्त काळ गेला. एकमेव अशा कामाच्या तयारीसाठी तो अवास्तव नाही. पण रासायनिक फ्यूज थांबत नाही. अशा प्रतीक्षेत कालव्यातल्या जहाजांचा वेग, नांगर टाकण्यावर बंदी, बॉम्बच्या बाजूचे गाळउपसण्याचे काम आणि तळावरची त्याची जागा सरकली का याची ठरावीक तपासणी, या चार गोष्टी पहिल्याच आठवड्यात लिहून ठरायला हव्यात.

तिसरा पाण्यातल्या जिवांचा. ऑगस्ट २०१९मध्ये बाल्टिकच्या जर्मनीजवळच्या फेमार्न पट्ट्यात ४२ जुने ब्रिटिश सुरुंग उडवले गेले आणि त्यानंतर किनाऱ्यावर मेलेले पोर्पॉइज सापडले. बाल्टिकमध्ये हे लहान देवमासे आधीच थोडे उरले आहेत. बॉम्बभोवती नळीतून हवा सोडून बुडबुड्यांची भिंत उभी केली तर धक्क्याचा बराच भाग अडतो. शांत, अरुंद कालव्यात ही भिंत समुद्रापेक्षा चांगली टिकते. आधी दूर पळवणारे आवाज, मग बुडबुड्यांची भिंत, मग पेटवणे, हा क्रम अशा प्रत्येक कामात हवा.

चौथा नोंदीचा, आणि मला तो सर्वांत जवळचा वाटतो. किती भार जळला आणि किती फुटला हे पाण्याच्या स्तंभाकडे बघून सांगता येत नाही. त्यासाठी पाण्यात किमान तीन अंतरांवर दाबमापके लागतात, त्यांतले एक पुलाच्या खांबालगत, आणि पुलाच्या पायथ्याशी जमिनीचे कंपन मोजणारे यंत्र. पेटवणे आणि धक्का पोहोचणे यांतला वेळ मिलिसेकंदांत नोंदला, तर जळणे कधी उलटले ते कळते. दाबाच्या आकड्यावरून फुटलेल्या भाराचे वजन उलट काढता येते. त्याच्या जोडीला तळावरच्या खड्ड्याचे मोजमाप आणि कवचाच्या तुकड्यांची तपासणी: पूर्ण स्फोटात पोलादाचे बारीक, धारदार तुकडे होतात, तर जळून फाटलेल्या कवचाचे मोठे पत्रे उरतात. १२ मीटर खोल गाळातून हे तुकडे वर काढणे कंटाळवाणे काम आहे, पण पुढच्या जाड कवचाच्या बॉम्बसाठी किती छेद लागतील आणि ते कुठे द्यायचे, याची माहिती त्या तुकड्यांतूनच मिळते.